पत्त्याबरोबर वेळही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाशिकला येणाऱ्या पाहुण्यांसाठी 'कुठे काय खावं' असं पानभर छापून आलं होतं. फोटो सुरेख होते. पण निम्मी ठिकाणं गंगापूर रोडची, उरलेली बहुतेक कॉलेज रोडची, आणि गावठाणाच्या वाट्याला खाली चौकटीत चार ओळी. त्या चार ओळींत पत्ते होते, वेळ कुठेच नव्हती. पुण्याहून आलेले आमचे व्याही ते पान खिशात घालून दुपारी साडेतीनला मेन रोडच्या बाजूला मिसळ शोधत गेले. तिथे पातेली घासायला पडली होती. बिचारे तसेच उपाशी घरी आले. म्हणून हे पत्र.

मी पोस्टाची अल्पबचत एजंट आहे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची ही एजन्सी बायकांनाच मिळते. महिन्याच्या महिन्याला लोकांकडून आरडीचे, म्हणजे आवर्ती ठेवीचे, हप्ते गोळा करायचे, कार्डावर नोंद करायची आणि पोस्टात भरणा करायचा, असं काम. माझी बरीच खाती पंचवटी कारंजा, रविवार कारंजा, दहीपूल, भद्रकाली या पट्ट्यातली, आणि त्यातली निम्मीअधिक खाण्याच्या धंद्यातली. मिसळवाले, भजीवाल्या, भेळवाले, चहावाले. अशा माणसाकडे हप्ता मागायची वेळ साधावी लागते. भवानी व्हायच्या आत गेलात तर तोंड वाकडं होतं, गर्दीत गेलात तर कोणी मान वर करत नाही. गर्दी ओसरली, गल्ला मोजून झाला आणि किराणावाला वसुलीला अजून आलेला नाही, एवढ्या फटीत मला पोचायचं असतं. त्यामुळे या गावाचं खाणं मला घड्याळासकट पाठ झालंय.

पहाटे गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, चहा आणि पोहे. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेली माणसं, दूरदूरच्या यात्रेकरूंच्या बस, फुलवाल्या, नाव्ही, भटजी, सगळ्यांना एकाच वेळी गरम काहीतरी हवं असतं. त्याच सुमाराला सातपूर-अंबडला पहिल्या पाळीचे कामगार कंपनीच्या फाटकाबाहेर उभ्याउभ्या वडापाव संपवत असतात, आणि नाशिकरोडला नोटांच्या प्रेसची पाळी सुटायच्या-भरायच्या वेळेवर तिथल्या टपऱ्या चालतात. साडेसात-आठपासून मिसळ. ती जुन्या गावात बाराच्या पुढे मिळाली तर नशीब, कारण रस्सा बेतानेच केलेला असतो. दुपारी सगळं थंड. चारला कढया पुन्हा चढतात, तेव्हा पाववडा, भजी, साबुदाणा वडा. दिवेलागणीला गंगेवर भेळ आणि मुरमुऱ्यांचा भत्ता. रात्री एसटी स्टँड आणि शालिमारच्या अंगाला भुर्जी. बुधवारी गंगेवर आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी याची सगळी उलटापालट होते. खेड्यातून भाजी घेऊन आलेल्या बायका अकरालाच जेवायला बसतात, आणि भजीवाल्या त्यांच्यासाठी भर दुपारी घाणे काढतात. पाहुण्याने नाशिकला एकच दिवस द्यायचा असेल तर तो बुधवार द्यावा असं माझं मत आहे. गाडी मात्र लांब लावून चालत यावं.

मिसळीबद्दल लिहिणारे खूप आहेत, मी थोडंच लिहिते. गंगापूर रोड, मखमलाबाद, बारदान फाटा या बाजूला चुलीवरच्या मिसळीच्या बागा झाल्या आहेत, तिथे मुलांना झोपाळे असतात, काही ठिकाणी ससे असतात, उंटही पाहिला मी. मला त्यांचा राग नाही. आसपासच्या गावांतल्या कितीतरी बायकांना तिथे काम मिळालंय आणि चारचाकी लावायला जागा आहे. पण मिसळ ही पाच-दहा मिनिटांत खाऊन घाम पुसत कामाला लागायची चीज. झोपाळ्यावर बसून खाल्ली की रस्सा निवतो आणि वर तेलाची साय धरते. जुन्या ठिकाणी काळ्या रश्शासाठी सुकं खोबरं थेट जाळावर काळं करतात, कांदे सालासकट निखाऱ्यात भाजतात. मटकी वेगळी शिजते, ती रश्शात शिजवायची नसते. रस्सा वेगळ्या भांड्यात येतो, वर मागितला तर बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत. भगवंतराव, अंबिका, श्यामसुंदर, साधना, प्रत्येक नाशिककराचं एक नाव ठरलेलं असतं आणि त्यावरून घरात भांडणं होतात. आमच्या घरीही होतात, म्हणून माझं नाव मी सांगत नाही. मिसळीवर जिलबी घ्यावी, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

लासलगावची बाजार समिती आमच्या जिल्ह्यात, त्यामुळे इथल्या प्रत्येक प्लेटवर कांद्याचा भाव वाचता येतो. कांदा भडकला की आधी मिसळीवरचा कांदा बारीक चिरला जातो, मग त्यात कोबी शिरतो. मालक काही बोलत नाही, गिऱ्हाईकही बोलत नाही. भाव पडला की तोच मालक मूठभर कांदा न मागता टाकतो, आणि त्याच आठवड्यात माझ्या निफाड-चांदवडकडच्या नातेवाइकांचे फोन रडवेले येतात.

आता पाववड्याकडे येते, कारण आपल्या पानावर तो नव्हताच. बाहेरगावी याला उलटा वडापाव म्हणतात. माझी एक खातेदार, तिला इथे मावशी म्हणते, हातगाडीवर पाववडे तळते. तिचं काम मी कितीदा उभं राहून पाहिलंय. पाव ती आदल्या दिवशीचा घेते. ताजा पाव पिठात बुडवला की लगदा होतो आणि तेल पितो. पाव मधून चिरायचा, पण कड सुटू द्यायची नाही. आत लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी, त्यावर बटाट्याची भाजी अंगठ्याने दाबून कोपऱ्यापर्यंत न्यायची. भाजी मध्येच राहिली तर पहिला आणि शेवटचा घास नुसता पावाचा होतो, आणि गिऱ्हाईक उद्या पुढच्या गाडीवर जातं. पीठ ओव्याचं, बोटावरून तुटक तुटक न पडता धारेने पडेल इतपतच घट्ट. पाव कढईच्या कडेने सोडायचा, चिरलेली बाजू आधी खाली. ती बाजू आवळून आली की मग पलटायचा. बाहेर काढल्यावर कात्रीने चार तुकडे, वर मिठात घोळवलेली तळलेली मिरची. पाऊस असला की घाणा कढईतून निघायच्या आत संपतो. पाऊस फार झाला की तिचा दिवसच बुडतो. या दोन पावसांमधलं अंतर तिला ढगांकडे बघून कळतं, आणि त्यावर ती किती किलो बटाटे उकडायचे ते ठरवते.

या मावशीचा हप्ता कधी चुकला तर कारण मला विचारावं लागत नाही. महापालिकेची अतिक्रमण हटवायची गाडी येऊन गेलेली असते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रस्त्याच्या टोकाला कोणीतरी हाळी देतो, आणि पेटलेल्या शेगडीवर तेलाची कढई असताना बाई ती हातगाडी ढकलत बोळात शिरते. बोळात शाळेतून सुटलेली पोरं असतात. एखादा मोठा अपघात अजून झाला नाही, ही त्या सिद्धिविनायकाचीच कृपा. सापडली तर वजनकाटा, सिलिंडर, कढई सगळं जातं. आरडीचा हप्ता चुकला की शंभराला रुपया दंड लागतो, तो काही मोठा नाही. पण चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, आणि पुन्हा सुरू करायला दोनच महिन्यांची मुदत असते. पाच वर्षांचं खातं तिसऱ्या-चौथ्या वर्षी असं मेलेलं मी पाहिलं आहे. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले पैसे होते ते.

पोस्टाच्या नियमांमुळे मला बारीक अक्षर वाचायची सवय लागली आहे, म्हणून 2014 चा पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदाही वाचून काढला. त्यात स्वच्छ लिहिलंय की दर पाच वर्षांनी किमान एकदा सगळ्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हावं, आणि ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं हातात पडेपर्यंत कोणालाही जागेवरून उठवू नये. उठवायचंच असेल तर तीस दिवसांची नोटीस हवी. माल उचलला तर जागेवर यादी करून तिची सही-शिक्क्याची प्रत द्यायची. नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत, बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. मावशीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "ताई, हे मला काय वाचता, त्यांना वाचा." म्हणून आपल्या वर्तमानपत्रातून वाचते आहे.

गाडेवाल्यांची बाजू घेते म्हणून त्यांचं सगळं पोटात घालते असं नाही. काळं पडलेलं तेल तिसऱ्या दिवशी वापरणारे आहेत, त्यांच्याकडचं मी खात नाही आणि तोंडावर सांगते. तेलातले ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते फेकायचं, असा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. पण गाडीवरच्या बाईने ते मोजायचं कशाने? मोजायचं यंत्र असतं, ते घेऊन एक माणूस आठवड्यातून एकदा कढईकढईवरून फिरला तर निम्मा प्रश्न सुटेल. दंडाची पावती आणायच्या आधी यंत्र आणा. दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, रागावू नये. भजी, वडे, भत्ता अजूनही वर्तमानपत्रात बांधून देतात. शाईमुळे अन्न त्यात देऊ नये असं अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. मी स्वतः आपला अग्रलेख एकदा मिरचीभज्यांच्या तेलातून आरपार वाचलेला आहे. साधे कोरे कागद रद्दीच्या भावात गाड्यांना मिळतील अशी काही सोय आपल्यासारख्या वर्तमानपत्राने केली तर वाचक दुवा देतील.

आणि पाणी. हॉटेलात जा, रस्त्यावर अस्वच्छ असतं, असा सल्ला आपल्या पानावर शेवटी होता. अस्वच्छता बघायची तर प्लेट धुवायच्या बादल्या बघा. गाडीखाली तीन बादल्या असतात. पहिलीत खरकटं विसळायचं, दुसरीत साबण, तिसरीत साधं पाणी. संध्याकाळी सातपर्यंत तिसऱ्या बादलीवरही तर्रीचा लाल तवंग येतो. बाईला ते दिसत नाही असं नव्हे. नळ लांब आहे, गाडी सोडून जाता येत नाही, आणि जारचं पाणी विकत घेऊन त्याने प्लेटा धुतल्या तर पाववड्यामागे सुटणारं सगळं त्यातच जातं. पन्नास पावलांवर एक नळ आणि खाली सांडपाण्याची जाळी, एवढ्याने जे होईल ते शंभर छाप्यांनी होणार नाही. नळाबरोबर बायकांसाठी मुतारीही लिहून घ्या. मावशी दुपारी गाडी लावते ती रात्री नऊपर्यंत घोटभरच पाणी पिते. मीही त्याच रस्त्यांवर फिरते, मीही तेच करते, आणि उन्हाळ्यात त्याचे परिणाम दोघींना भोगावे लागतात. जास्त लिहीत नाही.

या गाड्यांना कुठेतरी एका मैदानात नेऊन छान खाऊगल्ली करू, अशी कल्पना अधूनमधून मांडली जाते. मांडणाऱ्यांनी माझ्याबरोबर एक दिवस फिरावं. पोहेवाल्याचं गिऱ्हाईक रामकुंडावर स्नान करून ओलेत्याने येतं, ते मैदान शोधत जाणार नाही. साबुदाणा वड्याचं गिऱ्हाईक खरेदीला मेन रोडवर आलेली बाई असते. या वड्यात सायंतारासारखं नाव कमावलेल्यांकडे लोक वाट वाकडी करून जातील, नवख्याकडे नाही. रमजानमध्ये दूध बाजार-चौक मंडईकडे संध्याकाळी जे लागतं ते तिथल्या मशिदींच्या अजानशी बांधलेलं आहे. नवरात्रात कालिकेच्या यात्रेत गोडीशेव-रेवडीची दुकानं जुन्या आग्रा रोडलाच लागणार. पावसाळ्यात कणसाच्या शेगड्या सोमेश्वरलाच पेटणार. देवळाली कॅम्पला दाल पकवान खायचं ते सकाळी, सिंधी कुटुंबं फाळणीनंतर तिथे वसली म्हणून. प्रत्येक गाडीच्या खाली तिची जागा आणि तिची वेळ आहे. ती उचलून एका ओळीत मांडली की दिवसभर सगळ्या रिकाम्या आणि रात्री आठ ते दहा सगळ्यांची एकदम चेंगराचेंगरी. आणि मग त्या ओळीत पाववडा टिकत नाही, चीज टाकलेलं काहीतरी टिकतं, कारण रात्री आठला कॉलेजची मुलं येतात.

हे आता लिहायचं कारण 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा. तयारीत रस्ते, घाट, पूल यांच्या बातम्या आपण रोज देता. जेवणखाण्याचं काय, हे कोणी लिहीत नाही. 29 ऑगस्ट 2015 ची शाही स्नानाची पहिली पर्वणी आठवा. रस्ते इतके लांबून बंद केले होते की भाविकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं आणि गावातल्या माणसाला गल्लीबाहेर पडता येईना. माझ्या ओळखीच्या एका भत्तेवाल्याने पोतीच्या पोती मुरमुरे भरून ठेवले होते, ते पुढे मऊ पडले. चालून थकलेला भाविक एकीकडे भुकेला, आणि दोन गल्ल्या अलीकडे माल घेऊन बसलेला माणूस गिऱ्हाइकाविना. या सिंहस्थात तसं व्हायला नको असेल, तर चालायच्या मार्गांवर ठरावीक अंतराने गाड्यांच्या जागा आताच आखून द्याव्यात, आणि त्या रोज इथे उभं राहणाऱ्यांनाच द्याव्यात. पर्वणीच्या आठवड्यापुरता बाहेरून मोठा ठेकेदार आणला की काय होतं ते सांगायला नको. 2020 च्या लॉकडाऊननंतर केंद्राच्या स्वनिधी योजनेतून यातल्या काहींना पहिलं 10,000 रुपयांचं कर्ज मिळालं होतं, म्हणजे त्यांची नावं सरकारदरबारी आहेत. ती यादी काढा, सर्वेक्षण नीट करा, प्रमाणपत्रं द्या, नळ द्या. पर्वणीच्या आदल्या रात्री करायचं काम नाही हे.

आपल्याकडून दोनच अपेक्षा. पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा प्रत्येक ठिकाणापुढे सकाळ-दुपार-संध्याकाळ यातलं काय ते लिहा, आणि कोणत्या वारी बंद तेही. आणि आपल्या वार्ताहराला एकदा दुपारी साडेतीनच्या सुमाराला गावठाणात पाठवा. तेव्हा सगळे बसलेले असतात, बोलायला वेळ असतो, आणि कॅमेरा नसेल तर खरंही बोलतात.

माझं नाव छापू नये ही विनंती. कोणत्या गाडीवरून पोस्टात किती हप्ता जातो हे मला ठाऊक असतं, आणि ते मला ठाऊक आहे हे गावाला कळलं तर खातेदारांना बरं वाटणार नाही.

आपली,
एक अल्पबचत एजंट
पंचवटी, नाशिक